तळघरातला बंब

सासूबाईंचा फोन आला तेव्हा मी बेसमेंटमध्ये, फर्नेसच्या पोटात डोकं घालून बसले होते. "डिसेंबरात येतोय, तर स्वेटर किती आणू?" एवढाच त्यांचा प्रश्न. पण शिकागोजवळ राहणाऱ्या माणसाला याचं खरं उत्तर देता येत नाही. घरात बसायचं असेल तर एकही नको, आणि बाहेर पडायचं असेल तर लक्ष्मी रोडवरचे सगळे आणलेत तरी कमीच. पुण्यात घरातली थंडी आणि बाहेरची थंडी एकच असते. ती खिडकीतून येते-जाते, ओळखीची असते, चहा घेऊन जाते. आमच्याकडे एका दाराच्या अलीकडे चैत्र आणि पलीकडे कैलास पर्वत. मध्ये उभं असतं ते हे पत्र्याचं धूड.

"दोन आणा," मी म्हटलं. "बाकीचं फर्नेस बघेल."

"कोण?" सासूबाई म्हणाल्या.

मी समजवायला लागले, तेवढ्यात आप्पांनी फोन घेतला. आप्पा म्हणजे माझे सासरे. उभं आयुष्य वीज मंडळात काढलेलं, त्यामुळे पृथ्वीवरचं कुठलंही यंत्र आपल्याला कळतं अशी त्यांची नम्र समजूत. त्यांनी माझं अर्धं वाक्य ऐकलं आणि मागे वळून सासूबाईंना सांगितलं, "अगं, तिच्याकडे घर तापवायचा बंब आहे."

मला ते नाव इतकं पटलं की तेव्हापासून आमच्या घरात फर्नेसला बंबच म्हणतात. माझ्या माहेरी खराखुरा होता, तांब्याचा. दिवाळीच्या आधी चिंच लावून तो घासायचा, म्हणजे मोरीत एक सूर्य उगवल्यासारखा दिसायचा. मधल्या नळकांड्यात करवंट्या आणि ढलप्या टाकायच्या, खालून राख काढायची, जेवढं गरम पाणी काढलं तेवढं गार पाणी वरून ओतायचं. नरक चतुर्दशीच्या पहाटे घरात वीस पाहुणे आणि एक बंब असा सामना असे आणि बंब कधी हरला नाही. हरणार कसा? आजी त्याच्यासमोर पाट टाकून बसलेली असायची. त्याला धूर झाला तर ती रागवायची, आणि तो ऐकायचा. तळघरातल्या बंबाची अडचण हीच आहे, की तो कोणाचं ऐकत नाही आणि त्याच्या आत काय चाललंय ते दिसत नाही.

तरी मी चौदा वर्षांत त्याची थोडी ओळख करून घेतली आहे. नवऱ्याने नाही. नवरा सॉफ्टवेअरमध्ये असल्यामुळे ज्या यंत्राला स्क्रीन नाही त्याला तो यंत्र मानत नाही. तर हा बंब चालतो कसा, तर अगदी सरकारी कचेरीसारखा. वर भिंतीवरचा थर्मोस्टॅट अर्ज करतो, की घर गार झालंय, ऊब मिळावी. अर्ज आधी एका छोट्या पंख्याकडे जातो. तो धुराच्या नळीतून हवा ओढायला लागतो. नळीत पुरेशी ओढ आहे की नाही, हे एक प्रेशर स्विच बघतो आणि सही करतो. मग इग्नायटर नावाची कांडी लालबुंद तापते. मग गॅसची झडप उघडते. ज्योत लागली की एक बोटाएवढी सळई 'हो, लागली' अशी साक्ष देते. तिने काही सेकंदांत साक्ष दिली नाही, तर गॅस बंद आणि अर्ज परत. सगळं नीट झालं तरच मोठा पंखा सुरू होतो आणि गरम हवा जमिनीतल्या जाळ्यांतून, म्हणजे व्हेंटमधून, खोल्याखोल्यांत येते. एकाची सही झाल्याशिवाय दुसरा हलत नाही. फरक एवढाच, की ही फाईल मिनिटाभरात पुढे जाते आणि चहापाणी लागत नाही.

चहापाणी लागतं ते वर्षातून एकदा, ऑक्टोबरात, तंत्रज्ञाला बोलावतो तेव्हा. ऑक्टोबरातच बोलवावं लागतं. कारण पहिली कडाक्याची रात्र आली, की सगळ्या गावाचे बंब एकदम रुसतात आणि त्या दिवशी तंत्रज्ञ मिळणं म्हणजे गणेश चतुर्थीच्या सकाळी गुरुजी मिळण्यासारखं. कडाका म्हणजे किती, तर ३० जानेवारी २०१९ ला इथल्या ओहेअर विमानतळावर उणे २३ फॅरनहाइट नोंदवलं गेलं, म्हणजे आपल्या हिशेबात उणे तीसच्याही खाली. तो दिवस मला आठवतो. त्या दिवशी मी बंबाला मनोमन हळदीकुंकू वाहिलं होतं.

या वेळी पाहुण्यांची यादी मोठी होती. सासूबाई, आप्पा, ह्यूस्टनहून नणंद, नणंदेचे यजमान आणि त्यांची दोन मुलं, शिवाय नवऱ्याचा मिनियापोलिसला शिकणारा मावसभाऊ. आमचे चार धरून अकरा माणसं. म्हणून मी तंत्रज्ञाला सगळं बघ म्हणून सांगितलं. त्याने साक्ष देणारी ती सळई काढली, बारीक तारेच्या घासणीने पुसली आणि परत बसवली. तीन मिनिटांचं काम. त्याचे त्याने जे पैसे लावले त्यात माझ्या आजीचा अख्खा बंब नव्याने घडवून झाला असता. मग त्याने फिल्टर ओढून काढला. फिल्टर म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेला घड्यांचा कागद. तो एक ते तीन महिन्यांनी बदलायचा असतो. आमचा फिल्टर काळाकुट्ट होता. तंत्रज्ञाने माझ्याकडे दयेने पाहिलं आणि विचारलं, "घरात सिगरेट कोण ओढतं?"

मी देव्हाऱ्याकडे पाहिलं. रोज दोन उदबत्त्या, शनिवारी धूप, सणाला कापूर. घरात धूम्रपान करणारे ते एकटेच. पण हे इंग्रजीत कसं सांगणार? "नवरा," मी म्हटलं.

जाताना त्याने घराच्या बाजूच्या भिंतीतून बाहेर आलेल्या दोन पांढऱ्या प्लॅस्टिकच्या नळ्या दाखवल्या. एकीतून बंब श्वास घेतो, दुसरीतून सोडतो. बर्फ पडलं की यांच्यापुढची जागा मोकळी ठेवा, असं त्याने दोनदा बजावलं. मी फ्रिजवर पाहुण्यांसाठी सूचनांचा कागद लावला होता, त्यात हे सातव्या क्रमांकावर लिहिलं. मराठी माणूस सूचनांचा कागद तिसऱ्या ओळीपुढे वाचत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. आपल्या सोसायटीच्या नोटीस बोर्डाचा इतिहास तेच सांगतो.

धुराच्या आणि कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मच्या बॅटऱ्याही बदलल्या. आमच्या इलिनॉय राज्यात २००७ पासून कायदाच आहे, की प्रत्येक निजायच्या खोलीपासून पंधरा फुटांच्या आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा. या वायूला वासही नसतो आणि रंगही, त्यामुळे हे एक काम मी थट्टा न करता करते. धुराच्या अलार्मबद्दल मात्र आदर राखणं कठीण आहे. हिंगाच्या फोडणीला तो आग समजतो.

मग पाहुणे आले.

पहिल्याच संध्याकाळी कळलं, की मी बंब तयार केला होता, पण थर्मोस्टॅट ही वस्तू लोकशाहीत किती धोक्याची आहे याचा विचार केला नव्हता. आमचं घर ६८ फॅरनहाइटवर असतं, म्हणजे वीस सेल्सियस. आप्पांनी आकडा वाचला आणि हबकले. "अडुसष्ट? एवढ्यात तर माणूस उकडून निघेल!" मी फॅरनहाइट समजावून सांगितलं. "म्हणजे वीस? मग हे थंडच आहे!" आणि त्यांनी माकडटोपी घातली. दोन्ही वेळा हवा तीच होती.

नणंद ह्यूस्टनची. तिथं हिवाळा हा पाहुणा म्हणून येतो आणि रात्रीच्या गाडीने परत जातो. तिने जाता-येता थर्मोस्टॅट ८० वर नेला. "मला बहात्तरच हवंय वहिनी, पण ऐंशीवर ठेवलं की लवकर तापेल ना?" तसं होत नसतं. बंबाला एकच वेग असतो. आकडा वाढवला की तो जास्त वेळ चालतो, जास्त जोरात नाही. रिक्षावाल्याला पुढचा स्टॉप सांगितला म्हणून रिक्षा जोरात पळत नाही, तसंच. मावसभाऊ तर मिनेसोटाहून आलेला. तिथं दोन हिवाळे काढलेला माणूस परत माणसांत बसवायला वेळ लागतो. तो अर्ध्या चड्डीत फिरत होता आणि रात्री त्याने खोलीची खिडकी बोटभर उघडली. "वहिनी, श्वास कोंडतो." त्या बोटभर फटीतून माझे डॉलर सरळ कॅनडाकडे निघाले होते.

नवरा मध्येच अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा दाखला देई. दिवसातले आठ तास घर सात ते दहा अंश गार ठेवलं तर वर्षाच्या खर्चात दहा टक्क्यांपर्यंत बचत होते. ऊर्जा खात्याचं बरोबर आहे. पण ऊर्जा खात्याकडे ह्यूस्टनची नणंद राहायला येत नाही.

या सगळ्यात मला कायम एका मास्तरांची आठवण येत होती. आमच्या शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर नावाचं गाव आहे. तिथल्या अध्यापक विद्यालयात वॉरन जॉन्सन नावाचे मास्तर शिकवायचे. शिपाई दर थोड्या वेळाने वर्गात येई, थर्मामीटर बघे आणि खाली जाऊन भट्टी कमी-जास्त करी. शिकवण्यात व्यत्यय नको म्हणून जॉन्सननी १८८३ मध्ये एका विजेच्या थर्मोस्टॅटचं पेटंट घेतलं. वर्गाचं तापमान बदललं, की खाली शिपायाजवळ घंटा वाजायची. शिपाई वर्गात यायचा थांबला. घराघरात थर्मोस्टॅट आला. आणि आता आमच्या घरात मी तो शिपाई झाले होते, फक्त दर तासाला वर जाऊन चोरून आकडा ६८ वर आणणारी.

गंमत म्हणजे थर्मोस्टॅटलाही घरातलं खरं कळत नाही. आमचा बसवलाय जेवणाच्या खोलीच्या भिंतीवर, स्वयंपाकघराला लागून. एक माणूस नुसता बसून असला तरी साधारण शंभर वॉट ऊब देतो. अकरा माणसं जेवायला बसली, म्हणजे टेबलाभोवती हजार वॉटचा हीटर पेटला. त्यात शेजारी पुऱ्या तळणं चालू. थर्मोस्टॅटला वाटे, घर तापलं, काम संपलं. बंब बंद होई. वरच्या खोलीत झोपलेली नणंदेची धाकटी मुलगी गारठून खाली येई आणि आम्ही तिला म्हणायचो, "कुठे गं थंडी? इथं बघ किती छान आहे."

आंघोळीचं वेगळंच. पाणी तापवायची टाकी बंबाच्या शेजारीच उभी आहे, चाळीस गॅलनची, म्हणजे दीडशे लिटर. एका मनसोक्त शॉवरमध्ये त्यातलं बरंचसं संपतं, आणि नणंदेचे यजमान मनसोक्तच घेतात. आप्पांनी मात्र आल्या दिवशीच बादली आणि तांब्या मागून घेतला. अर्ध्या बादलीत स्वच्छ, वर स्तोत्र पूर्ण. त्यांच्या एका आंघोळीने टाकीला कळायचंही नाही. सासूबाईंचा मार्गशीर्षातला गुरुवार होता, म्हणजे डोक्यावरून आंघोळ, पहाटे चारला. त्या हे कडक व्रत मानत होत्या. खरं तर त्यांचं घड्याळ अजून पुण्यातच होतं आणि तिथं दुपारचे साडेतीन झाले होते.

कोरड्या हवेचा त्रास सगळ्यांना झाला. बाहेरच्या गार हवेत बाष्प जवळजवळ नसतंच. तीच हवा घरात येऊन तापली, की ती टाचा, ओठ, फर्निचर, जिथं मिळेल तिथून ओलावा ओढते. फर्नेसला जोडलेलं एक ह्युमिडिफायर आहे, त्याची जाळी मी बदलली होती, पण ते बिचारं अकरा जणांच्या टाचांना किती पुरणार? गालिच्यावरून चालत गेलं आणि दाराची मूठ धरली की चट्कन झटका बसतो. आप्पांना पहिला झटका बसला तेव्हा ते बराच वेळ हात धरून उभे होते. "हयातभर वीज मंडळात होतो," ते म्हणाले, "तिथं कधी बसला नाही. सुनेच्या घरी दाराने दिला."

या सगळ्या पाहुण्यांत बंबाचा स्वभाव खरा ओळखला तो सासूबाईंनी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बघते तर स्वयंपाकघरातल्या व्हेंटवर ओली फडकी वाळत घातलेली, शेजारी आप्पांचे मोजे. व्हेंट झाकू नये, असं मी कागदावर चौथ्या क्रमांकावर लिहिलं होतं. मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी जेवणाच्या खोलीच्या कोपऱ्यातलं व्हेंट दाखवलं. त्याच्यापासून वीतभर अंतरावर, पाटावर, घोंगडीचा तुकडा गुंडाळलेलं पातेलं.

"विरजण," त्या म्हणाल्या. "तुझं दही थंडीत लागत नाही म्हणालीस ना? बघ उद्या."

दुसऱ्या दिवशी सुरीने वड्या कापाव्यात असं दही लागलं. चौदा वर्षं मी दही ओव्हनमध्ये दिवा लावून, ब्लँकेटमध्ये, देवाच्या भरवशावर लावत होते. सासूबाईंनी दोन दिवसांत इथल्या वाऱ्याची वेळ, दिशा आणि स्वभाव शिकून घेतला होता. कोणतं व्हेंट जोरात, कोणतं मंद, कोणतं डोशाच्या पिठाला बरं. रात्री झोपायच्या आधी त्या पातेल्यावर हात ठेवून बघायच्या, जसं आपण तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतो.

नाताळच्या आदल्या दिवशी बर्फ पडलं. संध्याकाळपर्यंत फूटभर. मावसभावाने टी-शर्टवर बाहेर जाऊन गाडीची वाट मोकळी केली. आप्पा खिडकीतून बघत होते. निवृत्त माणसाला दुसऱ्याचं काम बघवत नाही. "बाजूची चिंचोळी वाट मला द्या," ते म्हणाले. नवऱ्याचा रक्तदाब वाढला, सासूबाईंनी दोन टोप्या आणि एक शपथ घातली, आणि आप्पा अर्धा तास हळूहळू फावडं चालवून, लालबुंद नाकाने, विजयी होऊन आत आले. वाट आरशासारखी. बर्फ त्यांनी इकडेतिकडे फेकलं नव्हतं. पुण्यात माळी पाचोळा रचतात तसं भिंतीला टेकवून, नीट थापून ठेवलं होतं. सगळ्यांनी कौतुक केलं. मीही केलं.

पहाटे चारला माझ्या खांद्याला कोणीतरी हलवलं. सासूबाई. "अगं, वारा येत नाहीये."

मला आधी कळलंच नाही. मग ऐकलं. घरात बंबाचा आवाज नव्हता. हा आवाज असतो तोपर्यंत ऐकू येत नाही. थर्मोस्टॅटवर ६१ होतं. मागणी ७२ ची होती, म्हणजे नणंद रात्री उठलेली. मी खाली गेले. माझ्यामागे आप्पा, माकडटोपीत, हातात विजेरी. आजवर या घरात कोणी माझ्यामागे बेसमेंटमध्ये आलं नव्हतं.

फर्नेसच्या झाकणाला बोटाएवढी काच आहे, तिच्यामागे एक दिवा लुकलुकत होता. तीनदा, मग थांबायचा, परत तीनदा. झाकणाच्या आत चिकटवलेल्या तक्त्यावर मी तीनचा अर्थ पाहिला.

"फाईल कुणाच्या टेबलावर अडलीय?" आप्पांनी विचारलं. मी त्यांना पहिल्या दिवशीच ती सह्यांची गोष्ट सांगितली होती.

"प्रेशर स्विच. नळीत ओढ नाही म्हणून तो सही करत नाहीये."

"का नाही?" आप्पांचा आवाज कडक झाला. पूर्वी हाताखालच्या माणसांशी बोलताना होत असणार तसा. "नळी जाते कुठे?"

"बाहेर. बाजूच्या वाटेवर." मी इथं थांबले. आप्पाही थांबले.

आम्ही दोघं बाहेर गेलो. मी गाऊनवर पार्का, आप्पा ओव्हरकोटवर शाल. वाट अजूनही आरशासारखी होती. भिंतीला टेकून आप्पांचा ढीग उभा होता, नीट थापलेला, आणि त्याच्या बरोबर मागे कुठेतरी दोन पांढऱ्या नळ्या. आप्पांनी त्यावर विजेरी मारली आणि बराच वेळ बघत राहिले.

"काम चांगलं झालंय," ते शेवटी म्हणाले.

मी फावडं घेतलं. त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं, ढिगाच्या मधोमध एक व्यवस्थित भोक पाडलं, मग ते वाढवत नेलं. नळ्यांची तोंडं हातमोज्याने पुसली. त्यांनी तेवढं करेपर्यंत माझ्या पापण्यांवर बर्फ जमलं होतं.

खाली आल्यावर मी फर्नेसचा स्विच बंद करून परत चालू केला. छोटा पंखा फिरला. "एक," आप्पा म्हणाले. टक्. "दोन, सही झाली." कांडी लाल झाली. "तीन." मग भस्सकन निळी ज्योत. आप्पांनी दोन्ही तळवे झाकणासमोर धरले. हा बंब बाहेरून तापत नाही, हे मी सांगितलं नाही. मोठा पंखा सुरू झाला आणि वर कुठेतरी नणंदेच्या खोलीतल्या व्हेंटचा पत्रा खडखडला.

सकाळी कोणालाच काही कळलं नव्हतं. मावसभाऊ म्हणाला, रात्री फार छान झोप लागली. दही मात्र लागलं नव्हतं. सासूबाईंनी पातेलं उघडलं, डाव फिरवला आणि आप्पांकडे नुसतं बघितलं. आप्पांनी त्या पांढऱ्या पाण्याच्या दोन वाट्या साखर घालून मुकाट्याने संपवल्या आणि तिसरी मागितली.